पाठ संपल्यानंतरची वीस मिनिटं

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या दिवशी पाऊल टाकणाऱ्या मुलाने शस्त्रक्रियागृह आतून पाहिलेलं नसतं. वकिलीला प्रवेश घेणारी मुलगी कोर्टाची पायरी फार तर एकदोनदा चढलेली असते. शिक्षक व्हायला निघालेल्यांचं तसं नाही. बी.एड.च्या वर्गात येऊन बसलेल्या प्रत्येकाने त्याआधी पंधरा-सोळा वर्षं शिक्षकांना रोज समोर पाहिलेलं असतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शालेय शिक्षकांविषयी एक पुस्तक लिहिलं. शाळा संपेपर्यंत एका विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात जातात, असा अंदाज त्यांनी त्यात मांडला. शिक्षकी पेशाची उमेदवारी सगळ्यांनीच नकळत केलेली असते, ती बाकावर बसून केलेली असते, हे त्यांचं म्हणणं पुढे शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात सर्वमान्य झालं.

बाकावरून दिसतं ते मात्र अर्धंच. बाईंनी विचारलेला प्रश्न ऐकू येतो. विचारावा की नको म्हणून त्यांनी सोडून दिलेला प्रश्न ऐकू येत नाही. सरांनी चौथ्या रांगेतल्या मुलाला उभं केलेलं दिसतं, त्यालाच का उभं केलं ते दिसत नाही. वही तपासताना एका चुकीपाशी ते का थांबले, दुसरीवर नुसती लाल रेघ ओढून पुढे का गेले, याचा पत्ता मुलांना नसतो. त्यामुळे शिकवणं म्हणजे उभं राहणं, बोलणं, फळ्यावर लिहिणं, अधूनमधून ‘समजलं का?’ असं विचारणं आणि ‘हो’ ऐकून पुढे जाणं, अशी एक प्रतिमा मनात पक्की होते. पहिला सराव पाठ घ्यायला उभी राहिलेली छात्राध्यापिका चार महिने वाचलेल्या बालमानसशास्त्राप्रमाणे शिकवत नाही. ती तिच्या सातवीच्या बाईंसारखं शिकवते, अगदी हातवाऱ्यांसकट.

म्हणून शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात प्रत्यक्ष अनुभवाला जे स्थान आहे, ते इतर अभ्यासक्रमांतल्या प्रात्यक्षिकापेक्षा वेगळं आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी कोरा येतो. इथे तो भरलेला येतो. अनुभवाने त्याला नवं द्यायचं असतं, आणि त्याच्यात आधीच रुजलेलं थोडं सैलही करायचं असतं. हे दुसरं काम नुसतं वर्गावर पाठवून होत नाही. उलट, नुसतं पाठवलं तर जुनंच अधिक घट्ट होण्याची शक्यता जास्त. माझं म्हणणं असं आहे की भावी शिक्षक पाठ घेताना जितका घडतो, त्याहून जास्त तो पाठ संपल्यानंतरच्या बोलण्यात घडतो. ते बोलणं कशाविषयी होतं, यावर पुढची तीस वर्षं तो कसा शिकवील हे बरंचसं ठरतं.

आपल्याकडे सराव पाठाची सुरुवात टाचणाने होते. महाराष्ट्रात ज्यांनी डी.एड. किंवा बी.एड. केलं, त्यांच्या आठवणीत ते टाचण कायमचं असतं. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. या मांडणीचं मूळ योहान फ्रीडरिख हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञापर्यंत (१७७६–१८४१) जातं. नवं ज्ञान मनात आधी असलेल्या कल्पनांना जोडलं गेलं तरच टिकतं, हा त्यांचा विचार. त्यांच्या अनुयायांनी त्यातून पाठाच्या पाच पायऱ्या बांधल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या देशोदेशीच्या अध्यापक महाविद्यालयांत पोचल्या. आपण त्यांना हर्बार्टची पंचपदी म्हणतो. मूळ विचार उत्तम आहे: मुलाला आधी काय माहीत आहे ते पाहा आणि तिथून पुढे जा. पण टाचणाच्या रकान्यात शिरल्यावर त्याचं काय होतं? प्रस्तावनेचे प्रश्न मुलांचं पूर्वज्ञान शोधायला विचारले जात नाहीत. पाठाचं नाव मुलांच्या तोंडून वदवून घ्यायला विचारले जातात. पाण्याविषयी चार प्रश्न, मग ‘तर मुलांनो, आज आपण काय शिकणार आहोत?’ आणि मुलं एका सुरात ‘जलचक्र!’ कारण फळ्यावर ते आधीच लिहिलेलं असतं.

टाचणात दोन रकाने समोरासमोर असतात. एकात अध्यापकाची कृती, दुसऱ्यात विद्यार्थ्याची कृती. छात्राध्यापक दोन्ही आदल्या रात्री बसून लिहितो. म्हणजे मुलं उद्या काय उत्तर देणार, हेही तोच लिहितो. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’, ‘विद्यार्थी योग्य उत्तर देतात’. या उजव्या रकान्याबद्दल मला नेहमी वाटत आलं आहे की शिक्षक होण्याची सगळी गोष्ट तिथे लपलेली आहे. तिथे लिहिलेलं आणि वर्गात प्रत्यक्ष घडलेलं यांत जी फट पडते, तीच त्या दिवसाची खरी शिदोरी. पण वर्गात ती फट दिसली की नवा शिक्षक घाबरतो. अपेक्षित उत्तर देणारा हात शोधतो, त्यालाच विचारतो आणि फट बुजवून टाकतो.

एक पाठ डोळ्यासमोर आणून पाहू. सहावीचा वर्ग, विषय दशांश अपूर्णांक. छात्राध्यापिका फळ्यावर ०.७ आणि ०.४५ लिहिते आणि विचारते, मोठी संख्या कोणती? एक मुलगा म्हणतो, ०.४५. ती म्हणते, ‘नीट बघ. आणखी कोण सांगेल?’ दुसरी मुलगी म्हणते, ०.७. ‘शाब्बास!’ टाळ्या. पुढचं उदाहरण.

आता यात काय राहून गेलं ते पाहा. पहिल्या मुलाचं उत्तर निष्काळजीपणाचं नाही. पंचेचाळीस सातापेक्षा मोठे, हे पूर्ण संख्यांच्या जगात त्याने पाच वर्षं घोटलेलं आहे आणि तिथे ते खरंच आहे. त्यात आपण दशांश शिकवताना रुपये-पैशांचा आधार घेतो. पंचेचाळीस पैसे आणि सात पैसे, असं तो वाचतो, ०.७ रुपये म्हणजे सत्तर पैसे हे त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. पण खरी गंमत दुसऱ्या मुलीच्या बाबतीत आहे. तिचं उत्तर बरोबर आहे. कारण मात्र कदाचित असं असेल: दशांश चिन्हानंतर जितके जास्त अंक, तितके बारीक तुकडे, म्हणून लांब संख्या लहान. शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे तिने ऐकलंय आणि त्यावरून स्वतःचा नियम बनवलाय. तिला ०.३ आणि ०.४५ दिले तर ती ०.३ मोठी म्हणेल. आणि मघाशी चुकलेला मुलगा या वेळी ०.४५ म्हणेल, म्हणजे चुकीच्या कारणाने बरोबर ठरेल. हे दोन्ही समज गणित शिक्षणाच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांत नोंदवलेले आहेत. आपल्या शाळांतही ते सहज भेटतात. एकाच उदाहरणावर थांबलेल्या शिक्षकाला ते दोन्ही कधीच दिसणार नाहीत.

पाठ संपला. मागच्या बाकावर बसलेले मेथडचे, म्हणजे अध्यापन पद्धती शिकवणारे, सर बाहेर व्हरांड्यात तिच्याशी बोलू लागले. इथे दोन वाटा फुटतात. एका वाटेवरचं बोलणं असं: आवाज चांगला होता, फलक लेखन सरळ रेषेत हवं, तक्ता उशिरा लावला, संकलनाला वेळ कमी पडला, वर्गनियंत्रण उत्तम. पाठ निरीक्षण वहीत शेरा, खाली सही. दुसऱ्या वाटेवरचं बोलणं एका प्रश्नाने सुरू होतं: ‘त्या मुलाने ०.४५ का म्हटलं असेल, असं तुम्हाला वाटतं?’ ती म्हणते, ‘सर, त्याचं लक्ष नव्हतं.’ ‘आणि जिने ०.७ म्हटलं, तिला कारण विचारलंत?’ ‘नाही सर. उत्तर बरोबर होतं ना.’ ‘मग उद्याच्या तासाला तिला कोणत्या दोन संख्या द्याल, म्हणजे तिचं कारण कळेल?’ या शेवटच्या प्रश्नावर ती थांबते. घरी जाऊन कागदावर संख्यांच्या जोड्या मांडते. ०.३ आणि ०.४५ ही जोडी तिची तिलाच सापडते.

अमेरिकी शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली ज्या ज्ञानाकडे बोट दाखवलं, ते हेच. गणित येणं हे एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण रीती येणं हे दुसरं. या दोन्हींपेक्षा निराळं असं तिसरं ज्ञान फक्त शिक्षकाकडे असतं: हा विशिष्ट आशय या वयाच्या मुलांना नेमका कुठे अडतो, आणि तिथे कोणतं उदाहरण ठेवलं की वाट मोकळी होते. दशांशाची ती जोडी गणितज्ञाला सुचण्याचं कारण नाही. त्याच्या दृष्टीने ती अगदीच सामान्य आहे. ती सुचते मुलांची उत्तरं ऐकणाऱ्याला, आणि ऐकून त्यावर थांबणाऱ्याला.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९०४ साली एका दीर्घ निबंधात अध्यापक-विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष सरावाचा प्रश्न हाताळला होता. त्याआधी १८९६ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळेच्या धर्तीवर एक शाळा काढली होती, त्यामुळे ते हवेत बोलत नव्हते. त्यांच्या मते सरावाकडे दोन दृष्टींनी पाहता येतं. एकात हाताला वळण लावायचं: वर्ग सांभाळता यावा, तास निभावून नेता यावा. दुसरीत सराव हे मुलाचं मन कसं चालतं ते पाहण्याचं साधन. पहिल्या प्रकारचा सराव घाईने लादला, तर नवा शिक्षक मुलांच्या बाह्य अवधानावर समाधान मानायला शिकतो: मुलं सरळ बसलीत, फळ्याकडे बघताहेत, शांत आहेत. आतमध्ये काय चाललंय हे पाहायची सवयच लागत नाही. आणि एकदा तसा बसलेला हात वर्षानुवर्षं तसाच चालतो. पुढे १९३८ मध्ये ड्यूईंनी आणखी स्पष्टपणे लिहिलं की प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही; काही अनुभव पुढच्या शिकण्याची दारं बंद करतात. शांत वर्गाला पैकीच्या पैकी गुण देणारा सराव पाठ हा मला त्यातलाच एक वाटतो. ‘अनुभव हाच गुरू’ असं म्हणणाऱ्यांनी ड्यूईंचं हे म्हणणं ध्यानात घ्यायला हवं. शिक्षणाभ्यासक डेव्हिड कोल्ब यांचं १९८४ सालचं चार टप्प्यांचं अनुभवाधारित अध्ययनाचं चक्र आज प्रत्येक बी.एड.च्या वहीत काढलेलं असतं, पण त्यातला दुसरा टप्पा, घडलेल्याकडे मागे वळून पाहण्याचा, प्रत्यक्षात वेळापत्रकात कुठेच नसतो.

सूक्ष्म अध्यापनाचा विचार इथे करायला हवा, कारण तिथे तरी या मागे वळून पाहण्याला वेळ दिलेला आहे. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. एका वेळी एकच कौशल्य, थोडे विद्यार्थी, थोडा वेळ. भारतात एनसीईआरटीने रूढ केलेल्या चक्रात ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ आणि शेवटी ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटांपैकी शिकवणं फक्त १२ मिनिटं, उरलेली २४ बोलणं आणि विचार करणं. हे प्रमाण मला फार शहाणपणाचं वाटतं. प्रश्न विचारल्यावर थांबायचं कसं, हे या सहा मिनिटांत खरोखर शिकता येतं. नवशिक्या माणसाला वर्गातली दोन सेकंदांची शांतता असह्य होते आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो; सहकाऱ्याने घड्याळ लावून ते दाखवलं की त्याचा विश्वास बसत नाही. मर्यादाही उघड आहे. समोर ‘विद्यार्थी’ म्हणून बसलेले सगळे पदवीधर असतात. ते सहावीच्या मुलांचा अभिनय करतात, पण ०.४५ मोठं का वाटतं हे त्यांना वाटून दाखवता येत नाही. म्हणून पुढे या दोहोंना जोडणारे सेतुपाठ, मग खरा वर्ग, असा क्रम आहे. खऱ्या वर्गात पोचल्यावर मात्र बोलण्याला आणि विचाराला राखलेला तो दोन तृतीयांश वेळ गायब होतो, हे दुर्दैव.

अनुभवाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे फार कमी महाविद्यालयांचं लक्ष जातं. भावी शिक्षकाने स्वतः विद्यार्थी म्हणून वेगळ्या रीतीने काही शिकून पाहणं. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये विज्ञान शिक्षणाचा एक उपक्रम सुरू केला. पुढे एकलव्य संस्थेने तो चालवला आणि २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत शेकडो शाळांत पोचला. त्याच्या प्रशिक्षणात शिक्षकांना प्रयोग कसे शिकवावेत यावर भाषणं नव्हती. शिक्षक मुलांसारखे गटाने बसत, बियाणं भिजवत, मोजमाप करत, चुकत, आपापसात वाद घालत. ज्याने आयुष्यभर विज्ञान पाठ करून उत्तीर्ण होण्यापुरतं घेतलं, त्याच्या हाताला स्वतःच्या मोजमापात आलेला फरक पहिल्यांदा लागला, की मुलांच्या वेगवेगळ्या नोंदींकडे तो चूक म्हणून पाहत नाही. आणि वर्षभर दर महिन्याला हे शिक्षक एकत्र येऊन वर्गात काय घडलं ते एकमेकांना सांगत. पाठ संपल्यानंतरचं बोलणं इथे व्यवस्थेचाच भाग होतं. आज पुस्तकांतून आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून महाराष्ट्रातल्या मुलांना माहीत असलेले अरविंद गुप्ता यांची या वाटेवरची सुरुवात याच उपक्रमात झाली.

आणि महाराष्ट्रात तर याहून जुनं, याहून मूलगामी उदाहरण आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. माँटेसरी पद्धत त्यांनी आत्मसात केलेली, तिच्यावर लिहिलेलं, शिक्षिका तयार केलेल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेव्हा नवख्या नव्हत्या. शिक्षिका म्हणून त्यांचा बराच काळ गेलेला होता. दोघींना पुन्हा विद्यार्थिनी व्हावं लागलं ते मुलांमुळे. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ही कल्पना तिथून आली, आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने ते नाव देशभर नेलं. महागडी माँटेसरी साधनं गावात कुठून आणायची? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतून साधनं तयार झाली. अंघोळ, नखं, केस, औषध हाही शिकवण्याचा भाग झाला, कारण खरूज झालेल्या मुलाच्या हातात मणी टिकत नाहीत.

१९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथल्या वारली वस्तीत मुलं शाळेत न येण्याचं कारण आणखी सरळ होतं: ती गुरं राखायला जात. मग शाळा कुरणावर गेली. कुरणशाळेत शिक्षक गुरांमागे चालत, मुलं थांबली की शिकवत. ताराबाईंचं माँटेसरीचं ज्ञान इथे वाया गेलं नाही. मूल स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने शिकतं हे तत्त्व तसंच राहिलं. गळून पडली ती शहरी घराची चौकट. तत्त्व कोणतं आणि चौकट कोणती, हे कुठल्याही ग्रंथात वेगळं करून दाखवलेलं नसतं. रिकाम्या बालवाडीसमोर उभं राहावं लागतं तेव्हा ते कळतं, आणि तेही सोबत कुणीतरी ‘का आली नसतील?’ असं विचारणारं असेल तर. ताराबाई आणि अनुताई एकमेकींसाठी तशा होत्या. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमात कोसबाड हे इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेपुरतं उरावं, याचं मला वाईट वाटतं. ती एक कार्यपद्धती आहे, आजही वापरता येण्यासारखी.

आता आजच्या व्यवस्थेकडे. महाराष्ट्रातल्या शेकडो डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याच्या शिफारशींनंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे नियम केले. एक वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि प्रत्यक्ष शाळेतल्या कामाला २० आठवडे मिळाले, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी सलग आंतरवासितेचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी व्हावी असं म्हटलं आहे.

हे वाढलेले आठवडे काय देऊ शकतात? सुटा सराव पाठ हा ३५ मिनिटांचा पाहुणचार असतो. मुलांना माहीत असतं की हे पाहुणे सर आहेत, शेवटी चित्र दाखवणार आहेत. त्यांचे वर्गशिक्षक त्यांना वागायचं कसं ते बजावून गेलेले असतात. सोळा आठवडे राहिलं की पाहुणेपण सरतं. परिपाठाला रोज उशिरा येणारी मुलगी आधी पाणी भरून येते हे कळतं. मंगळवारी शिकवलेलं सोमवारी किती उरलं, ते वहीत दिसतं, आणि पहिल्यांदा ते पाहणं हा चांगलाच धक्का असतो. हजेरीपट, पोषण आहाराचं रजिस्टर, पालकसभेला कोण येतं आणि कोण येत नाही, शिक्षक खोलीत मुलांविषयी कसं बोललं जातं, हे सगळं दिसतं. त्यातलं शेवटचं सगळ्यात जास्त घडवतं. ‘ही मुलं काय शिकणार’ हे वाक्य ज्या खोलीत रोज ऐकू येतं, तिथे आंतरवासिता करणारा विद्यार्थी वर्षअखेरीस तेच बोलू लागतो. म्हणून आठवड्यांच्या संख्येइतकंच महत्त्व कोणती शाळा आणि कोणता शिक्षक सोबतीला, याला आहे.

आंतरवासितेचं दुसरं रूपही सगळ्यांना माहीत आहे. शिक्षक रजेवर असले की ‘जरा सातवी ब सांभाळा’, आलेली माहिती संगणकात भरा, स्नेहसंमेलनाचे तक्ते रंगवा. काही ठिकाणी तर हजेरीच्या सह्या आणि शेवटी प्रमाणपत्र, इतकंच. कामाला हात लावण्यात कमीपणा नाही. शाळा अशा कामांवरही चालते. पण सोळा आठवड्यांत एकदाही कुणी शेजारी बसून एका मुलाच्या एका उत्तराविषयी बोललं नसेल, तर तो विद्यार्थी बाकावरून पाहिलेल्या शिक्षकाकडेच परत जातो, अधिक आत्मविश्वासाने.

तिकडे प्राथमिक शाळेसाठी डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) करणाऱ्यांची वेगळी अडचण आहे. त्यांचे पाठ बहुधा तालुक्याच्या गावातल्या मोठ्या शाळेत होतात: एक वर्ग, एक इयत्ता, एक तास. नेमणूक होते द्विशिक्षकी शाळेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता. पहिलीतलं मूल त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितंय, कारण कानाला तीन आधी येतो. त्याच वेळी मागे चौथीला भागाकार हवा आहे. कुणाला स्वाध्याय द्यायचा, कुणाजवळ बसायचं, चौथीतल्या कुणाला पहिलीच्या मुलाकडे पाठवायचं, हे निर्णय अशा शाळेत काही आठवडे राहूनच जमतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने (डाएट) आपल्या छात्राध्यापकांना अशा शाळेत पाठवणं अवघड नाही. प्रवासाची गैरसोय आहे, एवढंच कारण असेल तर ते पुरेसं नाही.

पाठ संपल्यानंतरच्या बोलण्याला जगात सर्वात भक्कम रूप दिलं ते जपानने. तिथल्या शाळांत शिक्षक मिळून एक पाठ अनेक आठवडे आखतात, त्यांच्यातला एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात. ते शिक्षकाकडे पाहत नाहीत. प्रत्येक जण ठरावीक मुलांच्या वह्यांवर वाकून त्यांचा विचार कसा सरकतो ते टिपतो. नंतरच्या बैठकीत आधी शिकवणारा बोलतो, मग निरीक्षक आपल्या नोंदी वाचतात. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असल्याने चूक एकट्याची राहत नाही, आणि त्यामुळे ती मोकळेपणाने पाहता येते. ही रीत तिथे शंभरहून अधिक वर्षांची आहे. त्यासाठी यंत्रं लागत नाहीत, निधी लागत नाही. मागच्या बाकावरून उठून मुलांच्या वह्यांजवळ जाणं, एवढंच लागतं.

आपल्याकडे नव्याने लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काम करतो. मानधन कमी, जबाबदारी पूर्ण. या तीन वर्षांत त्याच्या वर्गात येऊन बसणारा कुणी अनुभवी शिक्षक नेमला, महिन्यातून एकदा जरी, तर महाविद्यालयात सुरू झालेलं शिक्षण मध्येच तुटणार नाही. केंद्रशाळा आहेत, शिक्षण परिषदा होतात, म्हणजे सांगाडा तयार आहे. त्या परिषदेत परिपत्रकांच्या जोडीने एका वर्गातल्या पाच वह्या टेबलावर ठेवता येतील.

आणि महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी व्यवस्थेच्या सुधारणेची वाट पाहण्याचं कारण नाही. टाचण लिहिताना उजवा रकाना अर्धा रिकामा सोडावा. पाठ झाल्यावर, घरी जाण्याआधी, त्याच शाळेच्या पायरीवर बसून तिथे किमान दोन मुलांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत: चुकलेल्या एकाचे आणि बरोबर आलेल्या एकाचे. शेजारी, तसं का म्हटलं असेल याचे दोन अंदाज. मग मेथडच्या सरांकडे शेरा मागण्याआधी ती वही पुढे करून विचारावं, ‘सर, हा असं का म्हणाला असेल?’ बरेचसे सर या प्रश्नावर सहीचं पेन बाजूला ठेवतात. त्यांनाही कुणी हे कधी विचारलेलं नसतं.